मॅडमच्या घरी न चालणारं वाक्य

मॅडमच्या घरी दोन गोष्टी चालत नसत. एक, दाराची वरची कडी आतून लावणं. दुसरी, कुणाला 'घाबरू नको' म्हणणं. पहिली केली तर त्या ओरडत. दुसरी केली तर बोलणंच बंद करत, आणि त्यापेक्षा त्यांच्याकडं राहणाऱ्या आम्हा पोरींना त्यांचं ओरडणं परवडायचं.

मला हे पहिल्याच दिवशी कळलं. बाबा मला मुखेडहून लातूरला घेऊन आले होते. ते तहसिलात कारकून. दहावीला मला बरे मार्क पडल्यावर हिला डॉक्टर करायचं, असं त्यांच्या अख्ख्या कचेरीनं ठरवून टाकलं होतं. आणि त्या दिवसांत डॉक्टर व्हायचं म्हणजे लातूरला जायचं, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत होतं. वळकटी, ट्रंक, लोणच्याची बरणी खोलीत लावून झाली. बाबा निघाले. फाटकापाशी थांबून, माझ्याकडं न बघता म्हणाले, "घाबरू नको बरं का."

अंगणात मिरच्या वाळत घालणारी एक ठेंगणी बाई ताडकन उभी राहिली. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, जाड भिंगांचा चष्मा, पांढरी सुती साडी आणि साडीखाली कापडी बूट. शाळेतल्या पीटीच्या मास्तरांचे असतात तसे.

"साहेब, तेवढं म्हणू नका," ती बाई म्हणाली. "हितं चालत न्हाई ते."

"काय चालत नाही?" बाबांनी विचारलं.

"घाबरू नको म्हणलेलं."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. बाई जरा अशीच दिसते, असा त्या बघण्याचा अर्थ होता. पण ट्यूशनपासून चालत जाता येईल एवढं जवळ दुसरं घर मिळालं नव्हतं, आणि बाई स्वतः त्याच ट्यूशनमध्ये जीवशास्त्र शिकवत होत्या. बाबा गेले. मग मॅडम माझ्याकडं वळल्या. "तुला कशाची भीती वाटती?"

"पालीची," मी म्हणाले.

"खोटं. खरं सांग."

"नापास व्हायची."

"हे बी अर्धंच हाय," त्या म्हणाल्या आणि परत मिरच्यांकडं वळल्या. "खरी कळली की सांग. कवा बी सांग, पर सांग."

मला त्या मुळीच आवडल्या नाहीत.

घर म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड होती, मध्ये प्लायवूडची पार्टिशनं घालून केलेल्या खोल्या. भूकंपाला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. लोकांनी परत सिमेंटचे मजले चढवायला सुरुवात केली होती, त्यावर मुलांसाठी आणखी मजले, कारण ट्यूशनच्या पोरांनी गाव ओसंडून चाललं होतं. मॅडमनी मात्र डोक्यावर पत्र्यापेक्षा जड काही ठेवलं नाही. उन्हाळ्यात आम्ही त्या पत्र्याखाली भाजून निघायचो. तक्रार केली की म्हणायच्या, "पत्रा अंगावर पडला तर खोक पडती. धाबं पडलं तर काय होतं ते मी बघितलंय."

प्रत्येक खोलीत फळीवर स्टीलचा पेला पालथा घातलेला, त्यावर दुसरा पेला, त्यावर तांब्या. भूकंपानंतर सगळ्या लातूरनं घरोघरी असे मनोरे रचले होते. जमीन हलली की भांडी पडावीत आणि जाग यावी म्हणून. पुढं लोकांनी पेले परत स्वयंपाकघरात नेले. मॅडमनी नेले नाहीत. आमच्या गल्लीतून पाण्याचा टँकर गेला की सगळ्या खोल्यांतले तांबे एकदम खडखडायचे, आणि आम्ही हातातलं पुस्तक, घास, जे असेल ते टाकून अंगणात पळायचो. मॅडम चाफ्याखाली उभ्या राहून हजेरी घ्यायच्या. टँकर आहे हे सगळ्यांना दिसत असायचं. तरी हजेरी व्हायचीच. हसलं की म्हणायच्या, "टँकर हाय हे भायेर आल्यावर कळतंय. आत बसून न्हाई."

बूट त्या झोपतानाही काढत नसत. अंघोळीला जाताना तेवढे काढत आणि दाराशी ठेवत, बाहेरच्या बाजूला तोंड करून, पाय घातला की थेट पळता यावं असे. आम्ही पोरी त्यांच्या मागं त्यांची खूप टिंगल करायचो. पण महिन्याभरात माझ्याही लक्षात आलं की मी माझ्या चपला तशाच ठेवायला लागले आहे. भीतीचीही लागण होते. आम्हाला ती झाली होती.

ट्यूशनमध्ये त्यांचं कुणाशी पटत नसे. तिथं सगळ्यांना युक्त्या हव्या असत. कोणत्या शब्दाची आद्याक्षरं घेऊन कोणतं वाक्य करायचं आणि कोणता पर्याय डोळे झाकून खोडायचा. मॅडमना अंडाशयाचा धडा दिला की त्या तासाला थर्मास घेऊन यायच्या. थर्मासात कोमट मिठाचं पाणी आणि त्यात बकरीचं अंडाशय, चिंचोक्याएवढं. कपाळाला विभूती लावणारी ही बाई सकाळी सकाळी खाटकाच्या दुकानासमोर उभी राहायची. खाटकाला त्याचं कोडं सुटत नसे. एकदा मी सोबत होते, तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, लोगां कलेजी लेके जाते, तुम ये क्या लेके जाते?" मॅडम म्हणाल्या, "माझं जुनं काम हाय, चाचा. गरम हाय तवरच द्या."

जुनं काम म्हणजे भूकंपाआधी त्या हैदराबादेत एका प्रयोगशाळेत होत्या. तिथं त्या अंडाशयातल्या पेशी काचेच्या ताटलीत जगवायच्या आणि त्यांचं बोलणं ऐकायच्या. हे त्यांचेच शब्द. पेशी एकमेकींना रेणू पाठवतात. पुस्तकात त्याला सायटोकाइन म्हणतात, मॅडम निरोप म्हणायच्या.

"आपल्या अंगात शिपाई पेशी असतात, रोगाशी लढणाऱ्या," त्या ताटलीतला चिंचोका चिमट्यानं उचलून सांगायच्या. "लोकांला वाटतं ते फक्त ताप आल्यावरच कामाला येतात. न्हाई. ते हितं बी राहतात, अंडाशयात. हा पाण्याचा फोड दिसतो का? ह्याच्यात बीज हाय. बीज भायेर यायचं तर भिंत फुटाया पाहिजे. मग फोडाभोवतालच्या पेशी शिपायांला निरोप धाडतात, या, फोडा. सूज येती, लाली येती, भिंत फुटती. म्हणजे दर महिन्याला बाईच्या पोटात एक लहानशी जखम होती, आणि ती बरी बी होती. का बरी होती? कारण दुसरा निरोप जातो. बस करा."

"आणि तो निरोप नाही गेला तर?" पुढच्या बाकावरून मीच विचारलं होतं.

मॅडमनी चिमटा खाली ठेवला. "मग शिपाई थांबत न्हाईत. आपल्याच घराला परकं समजतात. एक घर पाडलं की शेजारचं धरतात."

ट्यूशनचे मालक सर दारात उभे होते. म्हणाले, "मॅडम, हे पेपरात येत न्हाई."

"सर, अंगात येतं," मॅडम म्हणाल्या.

त्यानंतर त्यांना नापासांची संध्याकाळची बॅच दिली गेली. आमच्या बॅचला एक तरुण सर आले, ज्यांनी तेच अंडाशय दोन युक्त्यांत संपवलं. आम्ही टाळ्या वाजवल्या.

बारावीच्या वर्षी भाद्रपदात मी महालक्ष्म्यांना घरी गेले. आमच्याकडं महालक्ष्म्या उभ्या असताना घरातली बाई बाजूला बसली तर आभाळच कोसळायचं. म्हणून आई दरवर्षी पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या आणून ठेवायची, आणि मला नि काकूला तीर्थासारख्या हातावर ठेवायची. गोळ्या संपल्या की चार-दोन दिवसांत पाळी येते, हे घरात सगळ्यांना ठाऊक. त्या वेळी काकूची आली. माझी आली नाही.

मी वाट बघितली. दिवाळी गेली. संक्रांत गेली. आधी बरं वाटलं होतं, खोटं कशाला सांगू. ट्यूशनच्या अर्ध्या पोरी परीक्षेच्या दिवसांत त्याच गोळ्या खात. माझ्या खोलीतली जोडीदारीण रेणापूरची होती, तिचा डबा रोज सकाळी एसटीनं यायचा आणि ती तो आणायला स्टँडवर जायची. ती म्हणायची, "तुझं बरंय बाई. कटकटच न्हाई तुला." मग हळूहळू मला झोप लागेना. गोळीनं माझं आतलं काहीतरी जाळून टाकलं, असं मी धरून चालले. आईला सांगितलं तर ती आयुष्यभर स्वतःला खात बसणार. नाही सांगितलं आणि कुणाला कळलं, तर लातूरला एकट्या ठेवलेल्या पोरीची पाळी चुकली याचा अर्थ लोक एकच लावणार. मी जीव मुठीत धरून गप्प राहिले. दर महिन्याला दुकानातून सॅनिटरी पॅडचं पाकीट आणायचे आणि ट्रंकेत तळाशी कोंबायचे.

बाकीची लक्षणं मला लक्षणं वाटलीच नाहीत. सारखा थकवा यायचा, पण तो कुणाला येत नव्हता? रंग काळवंडत चालला होता. घरी गेले की शेजारीण म्हणायची, लातूरच्या उन्हानं पोर पार रापली. तळहातावरच्या रेघा शाई भरल्यासारख्या काळ्या झाल्या होत्या, त्या मी दगडानं घासायचे. आणि मीठ. मला मिठाचं वेड लागलं होतं. आईनं दिलेल्या लोणच्याचा खार मी वाटीत ओतून पीत असे. भाजीवर मीठ, भातावर मीठ, काही नसलं तर तळहातावर मीठ घेऊन नुसतं चाटायचं. रेणापूरची म्हणायची, "म्हैस हायेस का गं?" आम्ही दोघी हसायचो. हसून झालं की माझे हातपाय गार पडायचे.

मॅडम जेवताना माझ्या ताटाकडं बघायच्या, हे मला नंतर आठवलं. त्यांनी एकदोनदा विचारलंही होतं, "सांगायसारखं काय हाय का?" मी म्हणाले, "नाही मॅडम, अभ्यास आहे."

बोर्डाची परीक्षा संपली. सीईटी तोंडावर आली होती. एप्रिलची दुपार होती, पत्रा तापून कडकड वाजत होता. सकाळपासून मला उलट्या होत होत्या आणि मी त्या लपवल्या होत्या. टँकर आला. तांबे खडखडले. पोरी पळाल्या. मी उठले आणि डोळ्यांपुढं सगळं काळं झालं. उंबऱ्यापाशी पडले, ते मला कळलं. बाहेर मॅडम हजेरी घेत होत्या, तेही ऐकू येत होतं. माझं नाव त्यांनी तीनदा घेतलं. मला 'हजर' म्हणता येईना.

भांडी वाजत असताना मॅडम छपराखाली आल्या, असं त्या घरात पहिल्यांदाच घडलं. त्यांनी मला उचललं नाही. आधी माझा तळहात उलटा केला, रेघा बघितल्या. मग अंगठ्यानं माझा खालचा ओठ ओढून हिरड्या बघितल्या. दाराशी गर्दी केलेल्या पोरींना म्हणाल्या, "भायेर. रिक्षा बोलवा." आणि मला विचारलं, "पाळी कवा आली होती?"

मी रडायला लागले.

"रडणं मागून. कवा?"

"महालक्ष्म्यांच्या आधी. मी गोळी घेतली, मॅडम. माझ्या गोळीनंच..."

"गोळी संपल्यावर आली का न्हाई?"

"नाही."

मॅडम तिथंच फरशीवर बसल्या. "गोळीनं न्हाई," त्या म्हणाल्या. "गोळी संपली की याया पाहिजे होती. आली न्हाई, हाच निरोप होता. गोळीखाली तो दडून बसला." मग हळू आवाजात, "मीठ किती दिवसांपासून खाऊन राहिलीस?"

"मॅडम, काय झालंय मला?"

त्यांनी चष्मा काढला. दुसरी कुणीही बाई असती तर त्या वेळी जे म्हणाली असती ते त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "मला भीती वाटून राहिली."

इतके महिने मी एकटीच घाबरत होते. आता दोघी झालो, आणि तेव्हा कुठं मला समजलं की हे खरं आहे.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. थकलेले, पण स्वभावानं चांगले. त्या दिवसांत त्यांच्याकडं ट्यूशनची चक्कर आलेली पोरं रांगेनं येत. त्यांनी डोळे बघितले, नाडी बघितली. मॅडमनी पाळीचं सांगितल्यावर त्यांनी अपेक्षित तो प्रश्न विचारला, तसं काही आहे का म्हणून. मी मान हलवली. मला तिथंच मरून जावंसं वाटलं. ते म्हणाले, "ऊन आहे, परीक्षेचं टेन्शन आहे. सलाईन लावू, संध्याकाळी घरी न्या. घाबरू नका."

मला वाटलं, झालं, आता मॅडम बोलणं बंद करणार. पण त्या खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसल्या.

"मी डॉक्टर न्हाई," त्या म्हणाल्या. "मी आयुष्यभर बकरीची अंडाशयं बघितली. शिपाई पेशी अंडाशयाच्या पेशींला खातात तवा त्या तिथंच थांबत न्हाईत. मूत्रपिंडाच्या वरच्या ग्रंथीला बी धरतात. दोन्हीकडच्या पेशी सारख्याच कामाच्या हायेत, एकीवर उठले की दुसरी सुटत न्हाई. ती ग्रंथी मेली की अंगात मीठ टिकत न्हाई, कातडी काळी पडती. तुम्ही हिचं उभी करून बीपी बघा. रक्तातलं सोडियम बघा. माझं खोटं निघालं तर मी तुमची माफी मागून जाईन."

डॉक्टरांनी हुज्जत घातली नाही, याचं मला अजून कौतुक वाटतं. त्यांनी मला धरून उभं केलं आणि पट्टा गुंडाळला. पारा बघता बघता त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी मला परत आडवं केलं आणि स्वतः धावत जाऊन मोठ्या डॉक्टरांना घेऊन आले.

रक्त नेलं. सुई लावली. माणसं माझ्याभोवती भराभर हलत होती आणि कुणीच माझ्याशी बोलत नव्हतं. मी मॅडमचा पदर धरला. "मी मरणार का?"

"मला ठाऊक न्हाई," मॅडम म्हणाल्या. "पर मी हितनं उठणार न्हाई."

त्या उठल्या नाहीत. डॉक्टरांनी स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, मिठाच्या पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या चढवल्या. मधूनमधून मला जाग यायची तेव्हा पलंगाच्या कडेला ते दोन कापडी बूट दिसायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी मला भूक लागली. काय खावंसं वाटतं, असं नर्सनं विचारलं, आणि मी शिरा म्हणाले. गोड मागितलं हे ऐकून मॅडम उठून खिडकीपाशी गेल्या आणि बराच वेळ पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

त्या सकाळी त्यांनी मला अक्काची गोष्ट सांगितली. अक्का त्यांची थोरली बहीण. आईच्या माघारी तिनंच यांना वाढवलं, शिकायला हैदराबादला धाडलं. ती औशाच्या पलीकडं त्यांच्या गावी, जुन्या दगडामातीच्या घरात राहायची. मोठ्या भूकंपाच्या आधी वर्षभर त्या भागात जमीन अधूनमधून गुरगुरायची, लहान लहान धक्के बसायचे. अक्का घाबरून अंगणात बाज टाकून झोपायची, वर ताडपत्री बांधून. पंचमीला मॅडम गावी गेल्या तेव्हा पाऊस होता आणि अक्का भिजत बाहेर पडलेली.

"मला हसू आलं," मॅडम म्हणाल्या. "मी शिकलेली ना. मी तिला सांगितलं, लहान धक्के बसले की जमिनीतला ताण निघून जातो, मोठा येत न्हाई. हे मी कुठंतरी ऐकलं होतं. कुणी सांगितलं होतं ते बी आठवत न्हाई. ती म्हणली, मला भ्या वाटतं गं. मी म्हणलं, अक्का, घाबरू नको. आणि मी सोता तिची बाज उचलून आत नेली."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, आणि सांगायची गरजही नव्हती. ते गाव लातूर जिल्ह्यात कुणाला ठाऊक नव्हतं? बातमी कळताच त्या हैदराबादहून होत्या तशा अनवाणी निघाल्या, ढिगाऱ्यावर किती वेळ चालल्या आणि पायांचं काय झालं, एवढंच बोलल्या. म्हणून बूट. हैदराबादला त्या परत गेल्या नाहीत. पेशींचे निरोप ऐकणारीनं बहिणीचा निरोप ऐकला नाही, मग ते काम कोणत्या तोंडानं करायचं, असं त्या म्हणाल्या. मला ते पटलं नाही. पण मी अठरा वर्षांची होते आणि हाताला सुई होती, मी काय बोलणार?

आई-बाबा आले. आईनं माझ्याकडं बघितलं आणि पहिला प्रश्न मॅडमना विचारला, मला नाही. बाहेरच्या पॅसेजमध्ये, पण दार उघडं होतं.

"मॅडम, हिला पुढं मूलबाळ होईल का?"

"रोज गोळ्या घेतल्या तर ही म्हातारी होईल," मॅडम म्हणाल्या. "तेवढं आज बघा."

"पण मूल?"

"बहुतेक न्हाई. शिपायांनी तिथलं खाल्लंय. अन् ताई, महालक्ष्म्यांच्या गोळीनं न्हाई झालं हे. तुमच्या हातानं न्हाई झालं. दुसरं काय बी इसरा, हे इसरू नका."

आई भिंतीला टेकून रडली. मग बाबांनी सवयीनं तोंड उघडलं, "अगं, घाब..." आणि मॅडमकडं बघून मिटलं. मला त्याही अवस्थेत हसू आलं.

त्या वर्षी मी सीईटी दिली नाही. पुढंही डॉक्टर झाले नाही. कचेरीची फार निराशा झाली. नांदेडला मी रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत लागले आणि आजतागायत तिथं आहे. गोळ्या रोज घेते. एखाद्या दिवशी चुकली की अंग सांगतं. लग्नाचं आलं तेव्हा मी समोरच्याला पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं. दोघं उठून गेले, तिसरा बसून राहिला. तो अजून बसून आहे. मूल नाही. त्याचं दुःख होतं का, असं लोक विचारतात. होतं. दर भाद्रपदात, महालक्ष्म्यांच्या पुढ्यात लहान पोरं बसवतात तेव्हा जास्त होतं.

मॅडमकडं मी वर्षातून एकदोनदा जात असे. लातूरमध्ये आता आकाशाला भिडणाऱ्या इमारती झाल्या, त्यांवर पहिल्या नंबरानं आलेल्या पोरांचे फोटो. त्यांची शेड मध्येच तशीच, तांबे तसेच. ट्यूशन त्यांनी सोडली होती, पण पोरी ठेवणं नाही. नव्या पोरीला उभं करून तोच प्रश्न विचारायच्या. मी गेले की माझे तळहात बघायच्या.

मग त्यांचं हृदय बिघडलं. ऑपरेशनसाठी नांदेडला आल्या, कारण मी नांदेडला होते. माझ्याशिवाय त्यांचं कुणी नव्हतं, हे मला फॉर्मवर सही करताना कळलं. ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं बूट काढायला सांगितले. त्या तयार होईनात. शेवटी मी खाली बसले आणि नाड्या सोडल्या. त्यांचे पाय मी पहिल्यांदा पाहिले. तळव्यांवर आडवेतिडवे पांढरे व्रण होते.

बूट मांडीवर घेऊन मी त्यांच्या शेजारी बसले. त्या छताकडं बघत होत्या. सिमेंटचं छत होतं, वर आणखी मजले होते.

"एक काम कर," त्या म्हणाल्या. "मला म्हण."

"काय म्हणू?"

"तेच. घाबरू नको म्हण."

मी मांडीवरच्या बुटांच्या नाड्या परत बांधायला लागले.

"त्या दिवशी मी म्हणलं तवा अक्काला लई बरं वाटलं होतं," मॅडम म्हणाल्या. "हसली होती. गाढ झोपली. मी कुणाला म्हणू दिलं न्हाई, आणि मला बी कुणी म्हणलं न्हाई. एकदा मला बी बरं वाटू दे."

मी म्हणाले, "घाबरू नका, मॅडम."

त्यांनी डोळे मिटले. मग मान माझ्याकडं वळवली.

"खोटं," त्या म्हणाल्या. "खरं सांग."

"मला लई भीती वाटून राहिली."

"हां," मॅडम म्हणाल्या, आणि माझा हात घट्ट धरला. "आता बरं वाटलं."

ट्रॉली न्यायला माणसं आली तेव्हा मला तो हात सोडवून घ्यावा लागला. त्या परत आल्या नाहीत. बूट माझ्याकडं आहेत, आमच्या दाराशी, बाहेरच्या बाजूला तोंड करून.